पोस्टग्रेस ११ वरून १६ वर: आधी परतीची वाट, मग अपग्रेड

वर्षअखेरीच्या सिक्युरिटी ऑडिटमध्ये आमच्यावर एक शेरा आला: डेटाबेसची आवृत्ती सपोर्टबाहेर. शेरा खराच होता. पोस्टग्रेस या डेटाबेसची प्रत्येक मोठी आवृत्ती साधारण पाच वर्षं सांभाळली जाते. आमची ११ आली ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि तिची शेवटची दुरुस्ती निघाली ९ नोव्हेंबर २०२३ ला. तिच्या खालचं उबुंटू १८.०४ (ऑपरेटिंग सिस्टिम) त्याच वर्षीच्या मे महिन्यात नेहमीच्या सपोर्टमधून बाहेर पडलं होतं. थोडक्यात, मशीन जुनं, डेटाबेस जुना आणि त्यावर दिवसरात्र चालणारं ॲप्लिकेशन. शेऱ्यापुढे मुदत लिहिली होती, एप्रिलअखेर.

हे काम माझ्याकडे आलं. मी डेटाबेस ॲडमिन नाही, बॅकएंड डेव्हलपर आहे, पण एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) बऱ्यापैकी येणारी टीममध्ये मीच, म्हणून. वाचलेल्या बहुतेक लेखांत पाच-सहा कमांड असतात आणि शेवटी 'झालं!' असतं. कमांड तेवढ्याच असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या चालवायची परवानगी मिळेपर्यंत काय काय विचारलं जातं आणि कुठे कुठे नुसतं थांबून राहावं लागतं, ते कुठे सापडलं नाही. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

जानेवारी २०२४ मध्ये पहिला प्रश्न आला तो किती वर जायचं याचा. १२ वर जाण्यात अर्थ नव्हता, तिचीही मुदत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संपणार होती. १६ सप्टेंबर २०२३ मध्ये आली होती. नव्या आवृत्तीच्या पहिल्या एक-दोन दुरुस्त्या येऊ द्याव्यात असं माझं मत आहे. पोस्टग्रेसच्या दुरुस्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर अशा ठरलेल्या वेळी येतात, त्यामुळे वाट किती बघायची हे आधीच कळतं. १६.२ फेब्रुवारीत आली आणि आम्ही तीच धरली.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. तीन रस्ते होते. पीजी-डम्पने सगळं बाहेर काढून नव्या ठिकाणी भरणं हा सगळ्यात सरळ, पण आमचा डेटा काही शे जीबी, म्हणजे तासन्‌तास सगळं बंद. पीजी-अपग्रेड मिनिटांत काम उरकतं, विशेषतः जुन्याच फाइल कॉपी न करता वापरणाऱ्या हार्ड लिंकवाल्या पर्यायात. पण त्या पर्यायात नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुना पुन्हा सुरू करणं सुरक्षित राहत नाही. तिसरा रस्ता लॉजिकल रेप्लिकेशनचा: जुन्या सर्व्हरवरचे बदल ओळीओळीने नव्या सर्व्हरवर येत राहतात आणि ठरलेल्या रात्री ॲप्लिकेशनचं तोंड फक्त नव्याकडे फिरवायचं. ही सोय पोस्टग्रेसमध्ये १० पासून आहे आणि ती वेगवेगळ्या मोठ्या आवृत्त्यांमध्ये चालते.

मला तिसऱ्याकडे ढकललं ते ऑपरेटिंग सिस्टिमने. लिनक्सवर अक्षरांचा क्रम ठरवणारे नियम ग्लिबसी या लायब्ररीत असतात आणि तिच्या २.२८ या आवृत्तीत, २०१८ साली, ते बरेच बदलले. उबुंटू १८.०४ वर २.२७ आहे, २२.०४ वर २.३५. स्वतः बघायचं असेल तर दोन्ही मशीनवर '1-1' आणि '11' या दोन ओळी अमेरिकन इंग्रजी लोकेल (भाषेची सेटिंग) लावून सॉर्ट कमांडला द्या. जुन्या मशीनवर आधी '11' येतं, नव्यावर आधी '1-1'. मी टर्मिनलच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवून हे केलं. एकच कमांड, उत्तरं उलटी. आता डेटाबेसची डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून नव्या मशीनवर ठेवली तर मजकुराच्या कॉलमवरचे सगळे इंडेक्स (ओळी झटपट शोधायच्या याद्या) जुन्या क्रमाने रचलेले आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधणारा. ओळ टेबलमध्ये असते, पण सापडत नाही. डुप्लिकेट येऊ न देणाऱ्या युनिक इंडेक्समध्येही डुप्लिकेट घुसतात. एरर येत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये फक्त ओळी येतात, इंडेक्स नव्या मशीनवर नव्याने बांधले जातात, त्यामुळे ही भानगडच उद्भवत नाही.

फेब्रुवारीत चेंज रिक्वेस्टचा फॉर्म भरला. कारण, परिणाम, किती वेळ बंद, कुणाला कळवलं, टेस्टिंगचा पुरावा, आणि शेवटचा रकाना 'रोलबॅक प्लॅन'. मंजुरी देणारी कमिटी आठवड्यातून एकदाच बसते. माझ्या फॉर्मवर पहिल्या बैठकीत एकच प्रश्न आला: "समजा नव्या सर्व्हरवर दोन दिवस चालवलं आणि मग काहीतरी बिघडलं, तर त्या दोन दिवसांचा डेटा परत कसा आणणार?" फॉर्म परत आला आणि मंजुरी एक आठवडा पुढे गेली.

तेव्हा वैतागले, पण प्रश्न अचूक होता. 'बॅकअपवरून रिस्टोअर करू' हे उत्तर म्हणजे त्या दोन दिवसांवर पाणी सोडणं. माझं आताचं मत असं, की अपग्रेडचा रस्ता निवडताना पुढे किती झटपट जाता येतं हे नंतर बघावं. आधी परत कसं येता येतं ते बघावं. लॉजिकल रेप्लिकेशन उलट्या दिशेनेही लावता येतं, १६ वरून ११ वर. तोंड फिरवलं की त्याच क्षणापासून जुना सर्व्हर नव्याचे बदल ऐकत राहतो. बिनसलं तर परत जायचं, एकही ओळ न गमावता. हे फॉर्मवर लिहिल्यावर पुढच्या बैठकीत पाच मिनिटांत सही झाली. तुमच्याकडे अशी कमिटी असेल तर हा रकाना सगळ्यात आधी भरा.

मार्चचा बराचसा भाग याद्या करण्यात गेला. पहिली यादी, डेटाबेसशी कोण कोण बोलतं त्याची. चालू कनेक्शन दाखवणाऱ्या पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीमध्ये ॲप्लिकेशनचं नाव दाखवणारा कॉलम आहे, पण निम्म्या लोकांनी तो रिकामाच ठेवलेला असतो. आम्ही कनेक्शनचं लॉगिंग चालू केलं आणि महिनाअखेर उलटेपर्यंत ठेवलं, कारण काही रिपोर्ट फक्त महिनाअखेरीलाच उगवतात. खरंच उगवले. हिशेब विभागाचं एक जुनं रिपोर्टिंग टूल नावाऐवजी थेट आयपी ॲड्रेसने जोडलेलं निघालं, आणि त्याचा ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारा भाग) इतका जुना, की त्याला स्क्रॅम या नव्या पद्धतीचा पासवर्ड कळत नव्हता. पोस्टग्रेस १४ पासून नवे पासवर्ड आपोआप स्क्रॅममध्ये साठवले जातात. पण जुने युजर त्यांच्या एमडी५ या जुन्या पद्धतीच्या हॅशसकट उचलून आणले आणि कनेक्शनच्या नियमांत पद्धत एमडी५ च ठेवली, तर दोन्ही प्रकारचे पासवर्ड चालतात. आम्ही तसंच केलं. एमडी५ घालवायचं आहेच, पण त्याच रात्री नाही. एका रात्री एकच गोष्ट बदलावी, म्हणजे सकाळी शोधायलाही एकच जागा राहते.

दुसरी यादी प्रायमरी की नसलेल्या टेबलांची. लॉजिकल रेप्लिकेशनला प्रत्येक ओळ ओळखायला काहीतरी खूण लागते. ती नसेल तर नव्या ओळी जातात, पण अपडेट आणि डिलीट अडतात. आणि अडतात कुठे, तर जुन्या, चालू सर्व्हरवर! सगळ्या टेबलांचं पब्लिकेशन (काय काय पाठवायचं त्याची यादी) बनवलंत की त्या क्षणापासून अशा टेबलावरचं प्रत्येक अपडेट एरर देऊन परत येतं, आणि ती एरर थेट ॲप्लिकेशनच्या तोंडावर. म्हणून ही यादी आधी. आमच्याकडे अशी टेबलं मुख्यतः दोन प्रकारची निघाली: लॉग साठवणारी, आणि दोन टेबलांना जोडणारी. जोडणाऱ्यांवर युनिक इंडेक्स होता आणि कॉलम रिकामे राहू शकत नव्हते, त्यामुळे तोच इंडेक्स ओळख म्हणून लावला. लॉगवाल्यांना सरळ आयडीचा कॉलम दिला. पूर्ण ओळ हीच ओळख मानण्याचा 'फुल' पर्यायही आहे, पण मोठ्या टेबलावर तो फार महाग पडतो.

तिसरी यादी ११ आणि १६ च्या मध्ये बदललेल्या गोष्टींची. पाचही आवृत्त्यांच्या रिलीज नोट्समधला 'मायग्रेशन' हा भाग वाचून काढा; कंटाळवाणा आहे, पण दुसरा उपाय नाही. १५ मध्ये बॅकअप सुरू करणाऱ्या फंक्शनचं नाव बदललंय, आमची बॅकअपची स्क्रिप्ट तिथेच पडली असती. त्याच आवृत्तीपासून नव्या डेटाबेसमध्ये पब्लिक स्कीमात (टेबलांच्या सामाईक कप्प्यात) कुणीही टेबल बनवू शकत नाही, हक्क वेगळा द्यावा लागतो.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो १२ मधल्या एका बदलावर. ११ पर्यंत 'विथ' लावून लिहिलेली उपक्वेरी आधी वेगळी चालायची आणि मग तिचं उत्तर पुढे वापरलं जायचं. क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या प्लॅनरने आत डोकावू नये म्हणून लोक मुद्दाम तसं लिहायचे. १२ पासून, अशी उपक्वेरी एकदाच वापरलेली असेल आणि तिच्यात काही वेगळं नसेल, तर प्लॅनर ती मुख्य क्वेरीत विरघळवून टाकतो. बहुतेकांना फायदा होतो. पण आमची एक शोधाची क्वेरी त्या कुंपणाच्या भरवशावरच उभी होती आणि १६ वर तिने भलताच इंडेक्स धरला. 'मटीरियलाइज्ड' हा शब्द घातला की जुनं वागणं परत येतं, पण तो शब्द ११ ला माहीतच नाही, आणि कोड तर तोंड फिरवण्याआधी आणि नंतर, दोन्हीकडे चालायला हवा. शेवटी उपक्वेरीच्या शेपटीला 'ऑफसेट ०' लावलं. दिसायला निरर्थक, पण प्लॅनर त्याला ओलांडून आत जात नाही आणि दोन्ही आवृत्त्यांत चालतं. कोड रिव्ह्यूत दोघांनी 'हे काढ' म्हणून कॉमेंट टाकली. वर चार ओळींची टीप लिहिली, तेव्हा विषय मिटला.

लॉजिकल रेप्लिकेशनसाठी जुन्या सर्व्हरवर वॉलची (बदलांच्या नोंदवहीची) लेव्हल 'लॉजिकल' करावी लागते आणि त्याला रिस्टार्ट लागतो. रिस्टार्ट काही सेकंदांचा, पण त्यासाठी वेगळा फॉर्म आणि वेगळी रात्र. हे दोन्ही एकाच अर्जात मागून घ्या.

नव्या मशीनवर आधी फक्त स्कीमा, म्हणजे टेबलांची रचना, आणला. पीजी-डम्प नेहमी नव्या आवृत्तीचा वापरावा. १६ चा डम्प ११ शी व्यवस्थित बोलतो. त्यातही आधी टेबलं, प्रायमरी की आणि ओळख म्हणून लावलेले युनिक इंडेक्स एवढंच. बाकीचे इंडेक्स डेटा भरल्यावर बांधले की पहिली कॉपी खूप हलकी होते. मग जुन्याकडचे बदल मागून घेणारं सबस्क्रिप्शन बनवलं आणि वाट बघत बसलो.

ही वाट मोठी. एका वेळी दोनच टेबलं कॉपी होतात, ही मूळ सेटिंग आहे आणि ती वाढवता येते. पण एका टेबलाला एकच वर्कर मिळतो, त्यामुळे किती वेळ लागणार ते तुमचं सगळ्यात मोठं टेबल ठरवतं. प्रत्येक टेबलापुढे एक अक्षर दिसतं: 'डी' म्हणजे डेटा येतोय, 'आर' म्हणजे तयार. बहुतेक टेबलं पहिल्या संध्याकाळीच 'आर' झाली. घटनांचा इतिहास साठवणारं एक अवाढव्य टेबल दुसऱ्या दिवशीही 'डी' वरच होतं. मी चहाला उठताना बघायचे, बसताना बघायचे.

या काळात डिस्कवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. नव्या सर्व्हरने वाचून संपवेपर्यंत रेप्लिकेशन स्लॉट (कुठवर वाचून झालं त्याची खूण) जुन्या सर्व्हरवरचं वॉल पुसू देत नाही. त्याला कमाल मर्यादा घालायची सोय १३ मध्ये आली, म्हणजे ११ वर ती नाहीच. डिस्क भरली की चालू सर्व्हर आडवा. शिवाय लांबलेल्या कॉपीमुळे सफाई करणारा व्हॅक्यूमही अडून राहतो आणि मेलेल्या ओळी साचत जातात. आम्ही डिस्क आधीच दुप्पट करून घेतली होती आणि तिच्यावर दोन टप्प्यांचे अलर्ट लावले होते. दोन सर्व्हर महिना-दीड महिना समांतर चालवणं आणि ही वाढीव डिस्क, या कामाचा रोकडा खर्च एवढाच. तो फॉर्ममध्ये आधीच दाखवला, तर नंतर कुणी विचारत नाही.

माणसांना खरा त्रास झाला तो स्कीमा गोठवण्याचा. टेबलांच्या रचनेतले बदल रेप्लिकेशनमधून जात नाहीत. जुन्याकडे कॉलम वाढला आणि नव्याकडे नसला, तर त्या टेबलावर गाडी थांबते. म्हणून मायग्रेशन, म्हणजे रचनेतले बदल, बंद. फीचरवाल्या टीमची कुरकुर झाली, जी होणारच. अगदी अडलं तर कॉलम आधी नव्या सर्व्हरवर, मग जुन्यावर, असा क्रम ठरवून दिला.

सगळी टेबलं 'आर' झाल्यावर उरलेले इंडेक्स बांधले, प्लॅनरसाठी आकडेवारी गोळा करणारं ॲनलाइझ चालवलं आणि पडताळणी सुरू केली. नुसत्या ओळी मोजून समाधान मानू नका. आम्ही आयडीच्या तुकड्यांनुसार प्रत्येक तुकड्याचा हॅश (डेटावरून काढलेला ठसा) दोन्हीकडे काढून ताडून पाहिला. क्रम लावायचा तो आयडीवरच. मजकुराच्या कॉलमवर लावलात तर वर सांगितलेल्या अक्षरक्रमामुळे डेटा तोच असूनही हॅश वेगळे येतील.

एप्रिलच्या सुरुवातीला स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) रंगीत तालीम केली. साधनं अगदी साधी: पीएसक्यूएल (डेटाबेसला कमांड द्यायला), टीमक्स (टर्मिनल सांभाळायला) आणि क्रमांक घातलेली एक टेक्स्ट फाइल. एकाने पायरी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने चालवायची, आलेला आकडा परत मोठ्याने सांगायचा. हे सगळं एका बटणात बसवणारं ऑटोमेशन लिहू या, असा आग्रह टीममध्ये होता. वर्षातून एकदाही न होणाऱ्या कामाचं ऑटोमेशन मला पटत नाही. त्याची चाचणी घ्यायला मूळ कामाएवढाच वेळ जातो. मशीन उभं करायला मात्र अन्सिबल हे ऑटोमेशनचं टूल हवंच, ते काम पुन्हा पुन्हा होतं. तालमीत परतीची वाटही चालून बघितली: १६ वर लिहिलं, ११ वर आलं का पाहिलं, तोंड परत फिरवलं.

रात्र शनिवारची मिळाली. आमचं ॲप्लिकेशन डेटाबेसशी पीजी-बाउन्सर या मध्यस्थामधून बोलतं. त्याला 'पॉज' दिलं की तो चालू ट्रान्झॅक्शन संपू देतो आणि नव्या क्वेरी एरर न देता रांगेत धरून ठेवतो. पण धरून ठेवण्यालाही मर्यादा आहे. मूळ सेटिंगमध्ये १२० सेकंद, त्यापुढे रांगेतल्यांना हाकललं जातं. आम्ही ती वाढवली, ॲप्लिकेशनचे स्वतःचे टाइमआउटही तपासले, आणि ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होणारे, लांब चालणारे सगळे क्रॉन जॉब तासभर आधी बंद केले, कारण एक लांबलेलं ट्रान्झॅक्शन पॉज अडवून धरायला पुरेसं असतं. पीजी-बाउन्सरला वळसा घालून येणाऱ्यांसाठी जुन्या सर्व्हरच्या नियमांत नकाराची ओळ घातली आणि त्यांची उघडी कनेक्शन तोडली.

पॉज झाल्यावर जुन्या सर्व्हरवरची वॉलची जागा टिपून घेतली आणि स्लॉटने पोच दिलेली जागा तिच्या पुढे जाईपर्यंत थांबलो. दोन आकडे अगदी जुळायची वाट बघू नका. चेकपॉइंट आणि ऑटोव्हॅक्यूम ही पोस्टग्रेसची अंतर्गत कामं स्वतःही लिहीत असतात. मग पुढे जाणारं सबस्क्रिप्शन काढून टाकलं. हे उलटं लावण्याच्या आधीच व्हायला हवं, नाहीतर तेच बदल गोल गोल फिरत राहतील. मग सिक्वेन्स, म्हणजे नव्या ओळींना आयडी देणारे आकडे. लॉजिकल रेप्लिकेशन सिक्वेन्सचे आकडे नेत नाही. ते हाताने, थोडे पुढे सरकवून लावावे लागतात, नाहीतर पहिल्याच इन्सर्टला डुप्लिकेट कीची एरर. मग ११ वर उलटं सबस्क्रिप्शन, डेटा कॉपी न करता. मग पीजी-बाउन्सरच्या फाइलमध्ये होस्ट बदलला, रीलोड, रिझ्यूम. पॉजपासून रिझ्यूमपर्यंत साधारण दीड मिनिट गेलं. बोलायला कुणाला सुचत नव्हतं, फक्त पायऱ्या वाचल्या जात होत्या. पहिली नवी ओळ १६ वर पडली आणि लगेच ११ वरही दिसली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

सोमवारी सकाळी डॅशबोर्ड लाल. डेटाबेस ठणठणीत होता. क्वेरींचा हिशेब ठेवणाऱ्या पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्समधल्या वेळेच्या कॉलमांची नावं १३ मध्ये बदलली आहेत आणि आमची मॉनिटरिंगची क्वेरी जुनंच नाव विचारत होती. सीपीयू मात्र खरोखरच चढलेला होता. क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या एक्स्प्लेन ॲनलाइझच्या तळाशी जेआयटीचा (क्वेरीसाठी जागच्या जागी कोड कंपाइल करण्याचा) हिशेब येतो. काही क्वेरींत प्रत्यक्ष कामापेक्षा कोड कंपाइल करण्यातच जास्त वेळ जात होता. जेआयटी ११ मध्ये आलं ते बंद अवस्थेत, १२ पासून ते आपोआप चालू असतं. आमच्यासारख्या छोट्या-छोट्या असंख्य क्वेरींच्या कामाला त्याचा उपयोग नाही, म्हणून बंद केलं. रीलोड पुरतो, रिस्टार्ट लागत नाही. दुपारपर्यंत आलेख खाली.

उलटं रेप्लिकेशन आम्ही पुढची महिनाअखेर उलटेपर्यंत चालू ठेवलं, हिशेबाचे रिपोर्ट एकदा पूर्ण निघेपर्यंत. परत जायची वेळ आली नाही. नंतर ११ वरचं सबस्क्रिप्शन काढलं आणि १६ वरचा स्लॉटही गेला याची खात्री केली. विसरलेला स्लॉट तिथेही डिस्क खात बसतो. शेवटचा बॅकअप ठेवून जुनं मशीन बंद केलं. ऑडिटसाठी आवृत्ती दाखवणारा स्क्रीनशॉट, मंजूर फॉर्मचा क्रमांक आणि बंद केलेल्या मशीनची नोंद असं सगळं जोडून पाठवलं. स्क्रीनशॉटवर तारीख दिसत नाही म्हणून एकदा परत आला, तारखेसकट पुन्हा पाठवला, आणि शेरा बंद झाला.

आमच्याकडे आकडेवारीसाठीचा एक छोटा डेटाबेस अजून १२ वर आहे. तो शनिवार-रविवार बंद ठेवला तरी कुणाला कळत नाही आणि नव्या मशीनवरही न्यायचा नाही, कारण तो आधीपासून उबुंटू २२.०४ वरच आहे. त्याला सरळ पीजी-अपग्रेड लावणार, आधी नुसती तपासणी करणारा 'चेक' पर्याय चालवून, आणि हार्ड लिंक न वापरता, पूर्ण कॉपी करून.